कोमट पाण्यातला पीतांबर

माघातला रविवार, दुपारी चारचा सुमार. मागणी: अडीच हजार रुपये आणि एका कागदावर माझी सही. हजर: मागणी करणारे आबासाहेब पागे, त्यांची सून वृंदा, आमच्या समोरचे किराणा दुकानदार लखनसेठ, माझे कारागीर हमीदभाई आणि मी. जागा: मल्हारगंजातलं माझं धुलाईचं दुकान, अठरा फूट लांब, नऊ फूट रुंद. मधल्या टेबलावर पिवळा रेशमी पीतांबर पसरलेला, आणि तो मधोमध हातभर फाटलेला.

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून सांगायला आलेल्या गृहस्थांना माझ्याकडून मिलच्या आठवणी हव्या होत्या. भोंगा, पाळ्या, दरवाजावरचं कुलूप वगैरे. मी म्हटलं, इंदूरच्या मिल बंद झाल्या त्यावर रडणारी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांचं रडणं खरं आहे. मला रडायचं नाही. मी त्या रविवारबद्दल लिहीन. मिलमध्ये जे शिकलो ते त्या दिवशी उपयोगी पडलं, आणि त्या दिवशी मी ‘नाही’ म्हणालो. मिलमध्ये असताना हा शब्द मी फारसा वापरला नव्हता.

मी मिलच्या प्रोसेस हाऊसमध्ये, प्रयोगशाळेत होतो. प्रोसेस हाऊस म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड धुण्याचं, उजळण्याचं आणि रंगवण्याचं खातं. मागावर ताण्याचा धागा घासून तुटू नये म्हणून त्याला आधी स्टार्चची खळ देतात. घरी सुती साडीला कांजी करतात तशीच, फक्त पुष्कळ घट्ट. कापड विणून झालं की हीच खळ आडवी येते, कारण ती जिथे राहील तिथे रंग शिरत नाही. ती तेजाबाने, म्हणजे ॲसिडने, काढता येते, पण तेजाब खळीबरोबर सूतही खातं. म्हणून आम्ही एन्झाइम वापरायचो. मराठी पुस्तकांत त्याला विकर म्हणतात. मिलमध्ये सगळे एन्झाइम म्हणत, मीही तेच म्हणतो.

एन्झाइम म्हणजे काय हे नव्या माणसाला समजवायचं काम माझ्याकडे असे. आधी मी फळ्यावर सूत्रं लिहायचो आणि लोक जांभया द्यायचे. नंतर मी पगडीवर आलो आणि मग ती कधी सोडली नाही.

अमिनो आम्लं नावाचे लहान रेणू असतात. सजीवांच्या कामाचे मुख्य प्रकार वीस. ते एकापुढे एक जोडले जाऊन लांब साखळी होते, ती साखळी म्हणजे प्रोटीन. डाळीतलं प्रोटीन, दुधातलं, अंड्यातलं, आपल्या केसांतलं, सगळी याच वीस मण्यांची, क्रम तेवढा वेगळा. आणि क्रमावर ठरतं की साखळी स्वतःभोवती कशी दुमडणार. आता पगडीचं कापड घ्या. ताग्यातून फाडून आणलेलं कापड डोक्यावर टाकलं तर ती पगडी होत नाही. ठरलेल्या घड्या आणि ठरलेले पेच पडले की मगच पगडी. एन्झाइम हे असं बांधून तयार झालेलं प्रोटीन. त्याच्या पेचांत एक खाच असते. त्या खाचेत ठरावीक रेणूच बसतो. तो तिथे बसला की तुटतो, तुकडे बाहेर पडतात आणि एन्झाइम जसंच्या तसं पुढच्या रेणूसाठी मोकळं होतं. खळीचं एन्झाइम खळ तोडतं आणि सुताला हात लावत नाही. खळ आणि सूत दोन्ही साखरेच्याच कड्यांची बनलेली असतात, पण सुतातल्या कड्यांचा जोड वेगळा, तो त्या खाचेत बसत नाही.

कोमट पाण्यात हे काम झपाट्याने चालतं. पाणी फार तापलं की पेच सुटतात. कापड तेच, धागे तेच, पण पगडी राहत नाही. आणि थंड केल्यावर ती आपोआप परत बांधली जात नाही, उकडलेलं अंडं परत कच्चं होत नाही तसं.

हमीदभाई तेव्हा आमच्याकडे वाफेच्या व्हॉल्ववर होते. नवीन असताना त्यांनी एकदा काम लवकर उरकावं म्हणून वाफ पूर्ण सोडली. टाकी उकळायला लागली. एन्झाइम गेलं, खळ तशीच राहिली, आणि त्या लॉटचं कापड रंगवल्यावर चितकबरं निघालं. मी कापडावर आयोडीनचा थेंब टाकून दाखवला. खळ असेल तर थेंब निळा पडतो. तो शाईसारखा निळा पडला. हमीदभाई म्हणाले, “साब, कीड़े मर गए क्या?” मी त्यांना सांगितलं की ते किडे नाहीत, जिवंतच नाहीत तर मरतील काय, त्यांची पगडी सुटली. त्यानंतर त्यांनी खिशात थर्मामीटर ठेवायला सुरुवात केली. मोठे साहेब घाई करायला लागले तरी ते व्हॉल्वला हात लावू देत नसत. “साठ मतलब साठ. इकसठ आप अपने घर पे करना.” मोठ्या साहेबांशी असं बोलणारा खात्यात दुसरा कोणी नव्हता.

मिल बंद झाली तेव्हा दरवाजावर जी नोटीस लागली तिच्यात तोट्याची कारणं दिली होती. त्यातलं एक होतं, कामगारांची लापरवाही. वर्षानुवर्षं एकही नवं यंत्र आलं नव्हतं, ते कारणांत नव्हतं. हमीदभाईंना वाचायला त्रास होई म्हणून मी नोटीस मोठ्याने वाचत होतो. तो शब्द आला तसे ते म्हणाले, “ये अपने लिए लिखा है?” मी हो म्हणालो. ते आपल्या डब्याची पिशवी घेऊन सायकलकडे गेले. नोटिशीला उत्तर द्यायला हवं असं आमच्यात पुष्कळ बोलणं झालं, पण दिलं कोणी नाही.

खुल्या बाजाराने मिल नेली आणि त्याच बाजाराने धुण्याच्या नव्या पावडरी आणल्या. टीव्हीवर रोज एक बाई शर्टावरचा डाग न घासता घालवायची. त्या पावडरींत एन्झाइमच होतं, पण आमचं खळीवालं नव्हे. ते प्रोटीन तोडणारं. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी कथा यावर आहे. दूध, अंडं, रक्त, घामाचा मळ हे डाग प्रोटीनचे असतात, म्हणून डागांवर ते नामी चालतं.

मल्हारगंजात मी दुकान काढलं ते हमीदभाईंना बरोबर घेऊनच. एका बंद पडलेल्या हॉटेलचं लहान बॉयलर आणि साड्यांना घडी-चमक आणणारा रोल-प्रेस जुन्यात घेतला. गिऱ्हाइकं हरतऱ्हेची. एक रबडीवाला दर सोमवारी आपल्या बंड्या आणायचा, आधी घरी उकळत्या पाण्यात घालून. दुधाचा डाग गरम पाण्यात घातला की तो कापडात शिजतो आणि पक्का बसतो, हे मी त्याला दर सोमवारी सांगायचो. तो म्हणायचा, “भिया, गरम पानी से तो मैल कटता है, तुम उलटी बात करते हो.” आणि पुढच्या सोमवारी शिजवूनच आणायचा. पलासियावरच्या एका क्लासमधली पोरं शाई पडलेले शर्ट आणून तासात परत मागायची. डाग काढण्याचा धंदा म्हणजे डाग कशाचा आहे आणि कापड कशाचं आहे, या दोन प्रश्नांचा धंदा. दुसरा प्रश्न लोक विसरतात.

सोवळ्याचं कापड मात्र आमच्याकडे येत नसे. बाहेरच्या माणसाच्या हातचं ते चालत नाही. आबासाहेब पागेंच्या घराण्याकडे संस्थानच्या काळात घोड्यांच्या पागेचा हिशेब होता, ते स्वतः तहसिलीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे एक जुना पीतांबर होता. घरातल्या प्रत्येक मुंजीत बटूचा बाप तोच नेसत आलेला. आता फाल्गुनात नातवाची मुंज होती आणि पीतांबराच्या घड्यांच्या सुरकुत्या जाईनात. नुसता रोल-प्रेस करून द्याल का, म्हणून ते विचारायला आले. घरी नेऊन ते तो परत पाण्यातून काढणार होते. मी त्यांना तेव्हाच सांगितलं की प्रेस हमीदभाई चालवतात आणि तेच चालवतील, पटत असेल तर पाठवा. त्यांनी जरा विचार केला आणि शुक्रवारी वृंदाबरोबर पीतांबर पाठवून दिला.

शनिवारी हमीदभाईंनी तो रोलरवर घेतला. निम्मा गेला. मग काहीही ओढाताण नसताना तो मधोमध फाटला, जुन्या वर्तमानपत्रासारखा. हमीदभाईंनी रोलर थांबवला आणि मला हाक मारली.

रविवारी आबासाहेब आले ते कागद लिहूनच घेऊन आले. अक्षर सुंदर. मजकूर असा की ‘आमच्या कारागिराच्या हलगर्जीपणामुळे व यंत्र अति तापवल्यामुळे श्री. पागे यांचा वंशपरंपरागत पीतांबर नष्ट झाला, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ खाली माझं नाव, सहीची जागा मोकळी. पैशांचं ते म्हणाले, सवडीने द्या. कागद मात्र आजच हवा. मुंजीला गावोगावचे नातेवाईक येणार, पीतांबर कुठाय म्हणून विचारणार, त्यांना काहीतरी दाखवावं लागेल. आणि एक प्रत तुमच्या दुकानात लावा, म्हणजे आणखी कुणाचं नुकसान होणार नाही. हे सगळं ते शांतपणे बोलत होते. माणूस वाईट नव्हता. आपलं म्हणणं खरं आहे अशी त्यांची खात्री होती.

लखनसेठ मध्यस्थीला आले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. “भिया, दस्तखत कर दो ना. पैसे मैं पाँच सौ पे ला देता हूँ. सामने लगन का सीज़न है, रेशमी साड़ियों का काम है तुम्हारा. ये आदमी चार घर में बोलेगा तो तुम्हारा शटर गिर जाएगा.”

हे मलाही कळत होतं. लग्नसराईतल्या रेशमी साड्यांवरच दुकान वर्षभर तगत होतं. घरी दोन मुलांची शिक्षणं चालू. बायकोने सकाळी निघताना एवढंच सांगितलं होतं की भांडू नका, मिटवून या. पाचशे रुपयांत सुटत असेल तर हिशेबाने सुटावं हे खरं. पण तो कागद मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा ‘कारागिराच्या हलगर्जीपणामुळे’ वर अडलो. एकदा मिलच्या दरवाजावर हाच आरोप लागला होता तेव्हा आम्ही सगळे गप्प घरी गेलो होतो.

मी म्हटलं, “सेठजी, पैसे कमी करू नका. सहीच होणार नाही.”

मग मी पीतांबर उजेडाला धरला. जळालेलं रेशीम तपकिरी पडतं आणि केस जळल्याचा वास येतो. इथे दोन्ही नव्हतं. रेशमाची चमक गेली होती, धागा चिमटीत धरून ओढला की सुटत होता, आणि हे नुसतं फाटलं तिथेच नव्हे, जो भाग रोलरला लागलाही नव्हता तिथेही. जरीचा काठ उत्तम. काठाच्या आतून कुणीतरी कधीकाळी शिवलेली सुती पट्टी होती, तीही उत्तम, पांढरीशुभ्र. यंत्र तापून हे झालं असतं तर पट्टीही पिवळी पडली असती. म्हणजे ज्याने हे केलं त्याने सूत सोडलं, जरीचा काठ सोडला आणि फक्त रेशीम खाल्लं.

रेशीम प्रोटीन आहे. किड्याने तोंडातून काढलेली लाळ वाऱ्यावर सुकून झालेली, अमिनो आम्लांची साखळी. दुधाच्या डागावर जे एन्झाइम चालतं, त्याला रेशीम आणि दूध यांत काही भेद नसतो.

मी आबासाहेबांना विचारलं, घरी हा नव्या पावडरीत भिजवला होता का? ते ताठ झाले. सोवळ्याचं कापड आमच्याकडे रिठ्यात धुतात, आजचं नाही, माझ्या आजोबांपासून. मी म्हटलं, पावडर काय करते ते मी दाखवतो. त्यांनी घड्याळाकडे पाहून मान डोलावली.

आमच्या झरोक्याची एक काच फुटली होती. तिथे हमीदभाईंनी स्वतःच्या छातीचा एक्स-रे लावून ठेवला होता, मिलच्या दवाखान्यात काढलेला. एक्स-रेच्या फिल्मवरचा काळा थर जिलेटिनमध्ये बसवलेला असतो आणि जिलेटिन हे प्रोटीन. मी हमीदभाईंना विचारलं, हा कापू का? ते म्हणाले, “कापो. डॉक्टर ने बोला था संभाल के रखना, पर दिखाना किसको है.”

मी फिल्म मधोमध कापली, एक फुप्फुस इकडे, एक तिकडे. लखनसेठच्या दुकानातून तसल्या पावडरीचा डबा आणवला. दोन घमेल्यांत सारखं पाणी, सारखी पावडर. एक घमेलं मी बॉयलरच्या वाफेवर चांगलं उकळलं आणि परत कोमट होऊ दिलं. दुसरं फक्त कोमट. दोन्हींत फिल्मचा एकेक तुकडा टाकला. फरक एवढाच की उकळलेल्यात पगड्या सुटलेल्या होत्या.

अर्धा तास काही झालं नाही. दोन्ही फुप्फुसं होती तशी पाण्यात पडून होती. लखनसेठ वाकून बघत म्हणाले, “ये तो मछली पकड़ने जैसा काम हो गया.” आबासाहेब हसले नाहीत, पण माझी कीव आल्यासारखं बघत राहिले. मी त्यांना सांगितलं की हे तेजाब नव्हे, याला ऊब आणि वेळ लागतो. चहा मागवला. हमीदभाई स्टूल ओढून घमेल्यांशी बसले, हातात तेच जुनं थर्मामीटर, दोन्हींत थोडं थोडं गरम पाणी घालून ऊब सारखी राखत. वृंदाने चहा घेतला नाही. ती दारापाशीच्या बाकावर पदर हातात घेऊन बसली होती आणि पीतांबराकडे नव्हे, हमीदभाईंकडे बघत होती. मला वाटलं, मुसलमान माणसाने घरचं सोवळं हाताळलं त्याचं तिला वाईट वाटतंय.

दुसरा चहा आला तोवर उन्हं कलली होती. हमीदभाईंनी कोमट घमेल्यातला तुकडा उचलला आणि त्यावरून अंगठा फिरवला. काळा थर सायीसारखा गोळा होऊन खाली आला. उरलं ते निळसर, स्वच्छ प्लास्टिक. दुसऱ्या घमेल्यातला तुकडा घासून पाहिला. तो काळाच होता, बरगड्या मोजता येत होत्या.

हमीदभाईंनी दोन्ही तुकडे झरोक्याच्या उजेडात धरले. “लो भिया, एक फेफड़ा साफ हो गया. दूसरा मिल का ही रे गया.”

लखनसेठ खदखदून हसले. आबासाहेबांनी मात्र तुकडे हातात घेऊन नीट पाहिले, मागून पुढून, आणि मग जे बोलले ते बरोबरच होतं. म्हणाले, “हे झालं फोटोच्या फिल्मचं. माझ्या घरी पीतांबर पावडरीत भिजवला, हे यावरून ठरत नाही.”

मी म्हटलं, नाही ठरत. आणखी एक सांगतो, त्या पावडरीत सोड्यासारखा खारही असतो आणि खारही रेशमाला वाईट. त्यातलं किती एन्झाइमने केलं आणि किती खाराने, हे मी वाटून देऊ शकत नाही. जुनं रेशीम होतं, त्याचाही वाटा असेल. मला सिद्ध काही करता येत नाही. पण यंत्राने झालं नाही हे मला माहीत आहे, आणि जे झालं नाही त्याखाली मी सही करणार नाही. चार घरी काय, चाळीस घरी सांगा.

आबासाहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग हमीदभाईंकडे वळून हिंदीत म्हणाले, तुम्हीच सांगा, रोलर जरा जास्त तापला होता ना? खरं बोललात तर पैशांचा विषय मी सोडून देतो.

हमीदभाई उठून उभे राहिले. “साब, गरम होता तो मैं बोल देता. मेरी सारी ज़िंदगी गरमी देखने में गई है. आप पैसे लो, मत लो, वो मालिक जानें. पर गरम नहीं था.”

आबासाहेबांनी कागद घडी करायला घेतला. तेवढ्यात वृंदा बाकावरून म्हणाली, “आबा, त्यांनी नाही. मी भिजवला होता.”

आबासाहेबांना आधी ऐकूच आलं नाही असं वाटलं. ती उठून टेबलापाशी आली. सासूबाई गेल्यापासून सोवळ्याचं धुणं तिच्याकडे आलं होतं. गेल्या पूजेला अभिषेकाचं पंचामृत पीतांबरावर सांडलं होतं. दूध-दह्याचा तो डाग दोनदा रिठ्यात धुऊनही गेला नाही. मुंज जवळ आली, चार माणसांत डाग दिसला असता तर नाव तिचंच निघालं असतं. म्हणून गुरुवारी रात्री तिने पावडर घेतली. पण सोवळ्यात काही कमी पडू दिलं नाही. डोक्यावरून आंघोळ केली, ओलेत्याने तांब्याचं घंगाळ घासलं, पाणी कोमट केलं, पीतांबर भिजवला. आणि रात्री कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून घंगाळ न्हाणीघरात, बंबाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवलं. तिथे कोणी जात नाही. बंबात निखारे होते, पाणी सकाळपर्यंत कोमट राहिलं. डाग गेला. ती खूश झाली होती.

“सोवळ्यातच भिजवला, आबा,” ती म्हणाली. “ते मी मोडलेलं नाही. पण यांचं नाव त्या कागदावर जाऊ देणार नाही. तुम्हाला मला काय बोलायचं ते घरी बोला.”

मी मनात ती रात्र मांडून पाहिली. कोमट पाणी, हात न लावता, हलवाहलव न करता, पहाटेपर्यंत. मिलमध्ये खळ काढायला टाकीत कापड आम्ही अगदी असंच मुरत ठेवायचो. पावडरवाल्यांनीही एवढी सोय करून दिली नसती. तिने न्हाणीघरातल्या बादलीत, येत्याजात्याच्या हाताखाली, थंड पाण्यात अर्धा तास भिजवलं असतं तर पीतांबर बहुतेक निभावला असता. इतकं चोख सोवळं पाळलं म्हणून तो गेला.

लखनसेठने एवढ्यात पावडरीचा डबा उलटा करून चष्मा लावला होता. तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं, रेशीम आणि लोकरीला वापरू नये. “लो,” ते म्हणाले, “दो साल से बेच रिया हूँ, आज पढ़ा.”

आबासाहेबांनी डबा हातात घेऊन ती अक्षरं स्वतः वाचली. मग त्यांनी मला विचारलं, ते एन्झाइम कशातून काढतात? जनावरातून? मला प्रश्न कळला. मी सांगितलं, हल्ली जंतूंकडून करून घेतात, दह्यात असतात तसलेच बारीक जीव, जात वेगळी. पण जनावरातलं असतं तरी काय? तीच वीस अमिनो आम्लं तुमच्या डाळीत, तीच माझ्या हाताच्या कातड्यात, तीच किड्याच्या लाळेत. पीतांबर मुळात किड्याच्या लाळेचाच आहे. तो सोवळ्याचा चालतो तर मग बाकीच्यांवर राग कशाला?

एरवी मी हे बोललो नसतो. पण दुपारपासून ‘हलगर्जी’ हा शब्द डोक्यात फिरत होता.

ते रागावले नाहीत. पीतांबराची जर अंगठ्याने चाचपत म्हणाले, “पावडर मी आणली होती. पलासियावरून. दोन डब्यांवर बादली मिळत होती.” मग वृंदाकडे न बघता म्हणाले, “बादली चांगली आहे.”

वृंदा एकदम हसली आणि तिने पदर तोंडाला लावला. पाहता पाहता ती रडायला लागली. हमीदभाईंनी स्टूल तिच्याकडे सरकवलं.

आबासाहेबांनी आपला कागद चार तुकडे करून खिशात घातला. मी त्यांना काही मदत करता आली तर करीन म्हटलं. गेलेलं रेशीम परत येत नाही, तुटलेली साखळी जोडता येत नाही. एवढं जुनं विणकाम माझ्या टेबलावर संपलं याची हळहळ मला आजही आहे. पण काठ शाबूत होते. रफूवाल्याकडून ते उसवून नव्या पिवळ्या रेशमावर लावून घेतले. मुंजीत वृंदाच्या नवऱ्याने तो नेसला. विचारणाऱ्या नातेवाइकांना आबासाहेबांनी काय सांगितलं मला माहीत नाही. त्या लग्नसराईत साड्या निम्म्याच आल्या, कारण तोवर गोष्ट गल्लीत फिरून आली होती आणि गल्लीत शेवट कोणी ऐकत नाही. पुढच्या हंगामात आल्या.

आता हिशेब. अडीच हजार कोणी कोणाला दिले नाहीत. रफूवाल्याचे एकशे ऐंशी आबासाहेबांनी दिले. पावडरीच्या डब्याचे पैसे लखनसेठने घेतले नाहीत, चहा माझा. राहिली रोल-प्रेसची मजुरी, पंचवीस रुपये. मी म्हटलं, काम पुरं झालं नाही, पैसे नकोत. आबासाहेब म्हणाले, निम्मा पीतांबर रोलरवरून गेला होता आणि तो भाग सुरकुतीशिवाय आला होता, तेव्हा निम्मे लागू होतात. साडेबारा रुपये त्यांनी मोजून काढले आणि माझ्यासमोरून हात पुढे नेऊन हमीदभाईंच्या हातावर ठेवले. म्हणाले, पावती द्या. मी पावती फाडली. रक्कम साडेबारा. काम, रोल-प्रेस, निम्मं, व्यवस्थित. मिळाले कोणाला, तिथे हमीदभाईंचं पूर्ण नाव घातलं, आणि त्यांना ते दोनदा वाचून दाखवलं.